बसलेल्याला उठवायचं नाही

किस्से कोणी साठवत नाही. आमच्या टेम्पोत कुंड्या आणि बाकांच्या फटींत ते आपोआप अडकून राहतात. आमच्या टोळीतला दादा गेल्यापासून तर टेम्पोला धक्का बसला की एखादा बाहेर पडतोच!

आमचं काम मजेचं. नागपुरातल्या चौकाचा एखादा कोपरा लोकांना बसायला-चालायला म्हणून रंगवायचा, बाकं मांडायची. महिनाभर ट्रायल. जमलं तर पक्कं बांधकाम, नाहीतर उचला! दादा म्हणायचा, "एक तरी कोपरा पक्का झाला पाह्यजे गा आपला." त्याचा जीव कडुलिंबाच्या कोपऱ्यावर होता.

तिथे मी बाकं अगदी सरळ रांगेत मांडली. सकाळी पाहतो तर लोकांनी ओढून झाडाखाली नेलेली, समोरासमोर! मी भडकून परत ओढायला लागलो. दादाने हात धरला. "काहून ओढून राहिला? गप्पा तुले मारायच्या हायेत का त्याईले?"

मग ओल्या पिवळ्या रंगातून गाय गेली, थेट शोभाताईच्या चहाटपरीपर्यंत! आमचे मुकादम बंडूभाऊ कपाळ बडवायला लागले. दादा शांत. "भाऊ, पायी चालणाऱ्याईचा रस्ता पाह्यजे होता ना? तिनं आखून देला!"

पट्टे तिथेच मारले.

एकाने रंगावरच कार लावली. मी अंगावर धावलो, तोही ओरडला, "तेरे बाप का रोड है क्या?" दादा मध्ये पडला. "सगळ्याईच्या बापाचा हाये, साहेब. तुमचे बाबा संध्याकाळी कुठं बसतात?"

दुसऱ्या संध्याकाळी तो वडिलांना हाताला धरून घेऊन आला. पायी!

दादाचा एक नियम होता. बाकावर माणूस असेल तर बाक उचलायचं नाही. एका चौकात आजी बाकावर झोपलेली. बंडूभाऊ वैतागले, "थे बसली कुठं हाये? झोपली हाये!"

"मंग तं बिलकूल नाही!"

टेम्पो रिकामा परतला.

उन्हाळ्यात दादाला ताप आला आणि तो गेला. त्या दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही.

कडुलिंबाची ट्रायल संपली. महापालिकेच्या साहेबांचा फोन आला, उचला. दादा रोज चहा प्यायचा ते कडेचं बाक रिकामं होतं. एक टोक मी धरलं, दुसरं बंडूभाऊंनी.

शोभाताई टपरीतून धावत आली. वाफाळता ग्लास तिने बाकावर ठेवला.

"थांबा गा! त्याचा चहा व्हायचा हाये अजून."

बंडूभाऊंनी ग्लासाकडे पाहिलं. आपलं टोक अलगद खाली ठेवलं आणि ड्रायव्हरला हाक मारली,

"गाडी काढ रे. बसलेल्याले उठवत नाही आपण."