कॅबिनेटचं सील

दुर्गजवळ कोहक्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी मुलींसाठी कॉम्प्युटरचा क्लास सुरू केला, तेव्हा माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मशीन एकच होतं. शिकणाऱ्या मुली आसपासच्याच, बहुतेकींचे वडील प्लांटमध्ये, म्हणजे पोलादाच्या कारखान्यात कामगार. दुर्गला जाऊन शिकायची त्यांना घरून परवानगी नव्हती. माझ्याकडे मात्र पाठवायचे, कारण दारातच माझ्या सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या.

आमच्याकडे हा क्लास एकाच माणसाला खुपत होता. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. ते प्लांटमध्ये अधिकारी, राहायला प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये, आणि आमच्या घरातले निर्णय तिथूनच यायचे. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते, हे लग्न ठरताना त्यांनीच चार लोकांत कौतुकानं सांगितलं होतं. लग्नानंतर ते कौतुक कुठे गेलं कोण जाणे.

एका सकाळी मुली आल्या, मी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पंख्याचा आवाज नाही, समोरचा हिरवा दिवा नाही. पुन्हा दाबलं. तेच.

नवऱ्यानं शेजारच्या दुकानातून दुर्गच्या सेठला फोन लावला. मशीन त्याच्याकडूनच घेतलं होतं. मी बाजूलाच उभी होते. सेठ म्हणाला, "पॉवर सप्लाय उड़ गया होगा. डब्बा यहाँ ले आओ. खोलना मत, सील टूटी तो वॉरंटी खतम." मागे कीबोर्ड बिघडला तेव्हा त्यानं तो इतके दिवस ठेवून घेतला होता की दोन मुली क्लास सोडून गेल्या. मग नवऱ्यानं सवयीप्रमाणे दादांनाही फोन केला.

भासरे ड्युटीवर जाता जाता स्कूटर थांबवून आत आले. मुली उभ्याच होत्या. त्यांच्यासमोरच ते म्हणाले, "कोणी हात लावू नका. संध्याकाळी मी दुकानातला मेकॅनिक आणतो. तोवर क्लास बंद. खरं म्हणजे कायमचाच बंद करा. हे बायकांचं काम नाही."

ते गेले. एका मुलीनं गुपचूप बॅग उचलली.

"बस खाली," मी म्हणाले. आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला.

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "तुले हे खोलता येते का?"

"येते."

"मंग कावून उभी राहून राहिली?"

नवरा म्हणाला, "अगं, पण दादाले काय सांगशील?"

"विचारतील तेव्हा सांगीन."

मी मुलींना जवळ बोलावलं आणि काय करतेय ते मोठ्यानं सांगत गेले. आधी त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून पाहिला. लागला, म्हणजे वीज येत होती. मग मॉनिटरची विजेची केबल काढून कॅबिनेटला, म्हणजे मशीनच्या डब्याला लावली. तरी काही नाही, म्हणजे दोष केबलचाही नव्हता. बिघाड आतच होता. मी प्लग काढला आणि भिंतीपासून दूर ठेवला. मागच्या स्क्रूवर दुकानाच्या शिक्क्याचा कागद चिकटवलेला होता. तेच सील. ते नखानं फाडलं आणि स्क्रू काढून झाकण उघडलं.

आत कोहक्याची सगळी धूळ बसलेली. त्या वेळच्या कॅबिनेटमध्ये विजेची जाड वायर पॉवर सप्लायमधून थेट समोरच्या बटणापर्यंत यायची. ती वायर धरून मी पुढे गेले. बटणाच्या मागे एका तारेची क्लिप निसटून लोंबत होती आणि तिचं तोंड काळं पडलं होतं. पॉवर सप्लाय वगैरे काही उडालेला नव्हता. पॉलिश पेपरनं क्लिप घासली, पकडीनं दाबून घट्ट बसवली, वर टेप गुंडाळला, झाकण लावलं.

बटण दाबलं. पंखा घुरघुरला आणि काळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावायला लागले. मुली हसायला लागल्या. सासूबाईंनी विचारलं, "झालं?" आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

संध्याकाळी भासरे मेकॅनिकला घेऊन आले तेव्हा दुसरी बॅच चालू होती. मेकॅनिकनं वाकून मागं पाहिलं. "भाभीजी, सील तो टूटी है. अब सेठ कुछ नहीं देखेंगे."

"मैंने तोड़ी है. सेठ से कहिए, देखने की ज़रूरत भी नहीं."

भासरे म्हणाले, "हात लावायचा नाही असं मी सांगितलं होतं."

त्यांच्यासमोर मी तोवर मान वर करून बोलले नव्हते. "दादा, मशीन माझं आहे, क्लास माझा आहे. बिघडलं तर मी खोलीन. परत बिघडलं तर परत खोलीन. आत्ता बॅच चालू आहे, तुम्ही आत बसा. चहा नंतर करते."

चहा नंतर, असं त्यांना आमच्या घरात कोणी म्हटलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "बस ना रे. पोरी शिकून राहिल्या."

ते बसले नाहीत. पुढे दिवाळीपर्यंत आमच्याकडे आले नाहीत, आणि आले तेव्हा क्लासचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. क्लास चालूच होता.

त्यानंतर प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी टायपिंग नाही, कॅबिनेट उघडायला शिकवायची. एक आई तावातावानं आली. "पोरीले टायपिंग शिकाले पाठवलं, मिस्त्रीकाम शिकाले नाही."

"माझ्याकडे इथूनच सुरुवात होते," मी म्हणाले. "पटत नसेल तर घेऊन जा."

ती घेऊन गेली. बाकीच्या थांबल्या.