खारट लोखंड

लोखंडाला जीभ लावून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे जंगमामा. हैदराबादेत गंजाला सगळे जंगच म्हणतात, आणि कारखान्यात माल तपासायचं काम त्यांचं, म्हणून हे नाव. मी तिथं रंगारी. वाळूचा मारा करून पत्रा साफ झाला, धुऊन वाळला, की मामा वाकायचे, जिभेचं टोक लावायचे आणि थुंकायचे. ‘गोडं आहे, मार रंग’ म्हणाले की मी फवारा हातात घ्यायचा. ‘खारट’ म्हणाले की परत धुवा. मीठ मोजायचं मशीन साहेबांच्या कपाटात होतं, पण बिघडलेलं. पोरं चिडवायची, ‘मामा, लिंबू आणू का?’ मामा म्हणायचे, ‘आण. कांदा पण आण.’

त्यांचं म्हणणं एकच. ‘रंगाखाली मीठ राहिलं की वरून नवरदेव, आतून सडका.’ रोज ऐकून आमचे कान किटले होते.

मग देशाचे दरवाजे उघडले म्हणतात, तो काळ आला. बाहेरदेशची ऑर्डर, माल जहाजानं जायचा, गादीवर धाकटे शेठ, रोजची घाई. एका उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा टँकर आलाच नाही. शेठनी बोअरच्या पाण्यानं सगळा माल धुऊन घेतला. आमच्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. मामांनी जीभ लावली आणि सही करणार नाही म्हणाले.

‘मामा, रंग चढल्यावर तिकडं कोण चाटून बघणारे?’ शेठ म्हणाले.

‘समुद्र चाटतो, शेठ.’

शेठ हसले नाहीत. ट्रक उभा होता. सही दुसऱ्यानं केली, आणि मामांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्या मालाचं पुढं काय झालं ते आम्हाला कुणी कळवलं नाही. मामांना दुसरीकडं काम मिळालं नाही. सगळीकडं नवी मशीनं आलेली. म्हाताऱ्याच्या जिभेला कोण विचारतो.

घरी बसवेना म्हणून ते एक दिवस दिलसुखनगरला आमच्याकडं आले आणि खिडकीचे गज खरवडायला बसले. धुतले, वाळवले, जीभ लावली. आमची ही दारात उभी. म्हणाली, ‘मामा, चहा ठेवू, का गजावरच भागतंय?’

‘दोन्ही चालतंय, माय.’

रंग मारून निघताना तंबी दिली, ‘गजावर ओलं लुगडं टाकायचं नाही.’ ही हो म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी टाकलं. अंगण नाही, गच्ची नाही, टाकणार कुठं. डावीकडच्या गजावर, लुगड्याचा काठ टेकायचा तिथं, बोटभर जंग धरला. मग दर वर्षी मामा यायचे, तो खरवडायचे, दोघांचं भांडण व्हायचं, चहा व्हायचा.

ही गेली. दुखणं लांबलं होतं, ते काय सांगत बसू. दिवस झाल्यावर मामा आले, काठी टेकत. बसले नाहीत, सरळ खिडकीशी गेले. तो डाग बोटानं चाचपला. खिशातून पॉलिश पेपर काढला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पेपरची घडी केली आणि परत खिशात घातली.

‘राहू दे,’ म्हणाले.

त्यानंतर मामाही फार राहिले नाहीत. बाकीचे गज मी अजून खरवडतो, दम लागला तरी, त्यांच्यासारखाच. नोकरी गेली तरी ज्या माणसानं मीठ सोडलं नाही, त्यानं एवढा जंग सोडला. तो वाढतोय. वाढू दे.