केशवची शब्दांची वही

केशव गेल्याचं पोस्टकार्ड त्याच्या गावाहून, फुलसावंगीहून आलं तेव्हा मी वर्गात होतो. मुलांना शुद्धलेखन देऊन बाहेर आलो आणि व्हरांड्यात नुसता उभा राहिलो. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने...

बाभुळगावच्या शाळेत आम्ही दोघे मास्तर, राहायला एकाच खोलीत. मी यवतमाळचा, म्हणजे स्वतःला फार शहाणा समजणारा. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली केशवचे वडील त्याला भेटायला आले. जन्मात पहिल्यांदाच मोटारीत बसले होते. चढताना त्यांनी वहाणा पायरीखाली नीट जोडून ठेवल्या, आणि मोटार निघाली ती वहाणा तिथेच टाकून. अनवाणी उतरलेले बाबा सांगू लागले, "येवढी साफ गाडी, अंदर वहाना घालून कसं जाव?" मी मोठ्यांदा म्हणालो, "अगदीच गावंढळ बुवा तुम्ही!" केशवही हसला. बाबा आपल्या पायांकडे पाहत राहिले.

त्याच संध्याकाळी केशवने कागद शिवून वही केली. गावंढळ, खेडवळ, अडाणी, देहाती... असा शब्द कानावर पडला की तो लिहायचा : कोण म्हणालं, कोणाला, आणि तेव्हा तो माणूस काय करत होता. शब्द आला कुठून, तेही शोधायचा. नगरावरून नागर, म्हणजे सभ्य. ग्रामावरून ग्राम्य, म्हणजे असभ्य. "कोश लिहणारे सारे शहरातच बसून राह्यले का गा?" असं मला चिडवायचा. "तूप गावठी पाह्यजे तुले, मंग माणूस काहून नाही?" मी उठून चहा ठेवायचो. त्या दिवसाबद्दल मात्र तो कधी बोलला नाही, आणि माफी मागण्याचं धैर्य मला झालं नाही. इतका जीव होता माझा त्याच्यावर, तरी झालं नाही.

मागच्या आठवड्यात फुलसावंगीला गेलो. बाबांनी वही पुढे केली. "मले वाचता येत नाही, मास्तर. काय लिहलं त्यानं, सांगा बरं."

पहिल्याच पानावर गावंढळ. कोणाला : बाबाले. काय करत होते : गाडी खराब होऊ नये म्हणून अनवाणी आले. कोण म्हणालं... तिथे माझं नाव असणार म्हणून मन घट्ट केलं. तिथे लिहिलं होतं, 'मी हसलो.'

मग मी पान मोठ्याने वाचलं. 'कोण म्हणालं'पाशी आलो आणि तिथे न लिहिलेलं स्वतःचं नाव घेतलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हं. पुढचं वाचा."