हरिबाला पुलावर सोडलं

इस्लामपुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये राजरत्न सर आणि हवालदार ज्योतिबा यांचं जमलं कसं, हे क्लासच्या मालकालाही कधी कळलं नाही. राजरत्न पंचविशीचा, डिप्लोमा झालेला, बोलण्या-चालण्यात सारखीच घाई. ज्योतिबा साठीला टेकलेला, फौजेतून पेन्शनीत आलेला, मूळचा वडूजकडचा. क्लासचा वॉचमन तोच, शिपाईही तोच, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय कुणाला मशीनजवळ फिरकू न देणारा खरा मालकही तोच. आठवडाभर तो राजरत्नला ‘सर’ म्हणायचा. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली आलं, की ‘गड्या’.

रविवारची दुपार खेळाची असायची. राजरत्नच्या पुण्याच्या मित्राने एक सीडी दिली होती. चार शूर माणसांनी डोंगराच्या पोटातल्या राज्यात शिरायचं, राक्षसांशी लढत, कोडी सोडवत आतला मणी मिळवायचा आणि पलीकडच्या तोंडाने बाहेर पडायचं, असा तो खेळ. मजकूर सगळा इंग्रजी आणि अक्षरं मुंगीएवढी. राजरत्न ती वाचून मराठीत सांगायचा आणि बटणं दाबायचा. शेजारी ज्योतिबा आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने नकाशा काढायचा. पावलं मोजून, दिशा लिहून, फौजेत शिकवला होता तसा.

“डावीकडचं दार बघितलंस का?”

“त्यात काय असणार, हवालदार?”

“न बघता कसं कळलं? फिर माघारी.”

चौघांना नावं द्यायची होती, तेव्हा राजरत्नने तलवारवाल्याला स्वतःचं नाव दिलं, जादूगारणीला बहिणीचं, आम्रपालीचं. ढालवाला ज्योतिबा झाला. उरला तिरंदाज. ज्योतिबा थोडा थांबून म्हणाला, “त्याला हरिबा म्हण.”

“कोण हो हा हरिबा?”

“हाय आमच्या गावचा.”

ज्योतिबाचा नियम एकच होता. चौघं आत गेलेत, चौघंच बाहेर येतील. एक जरी पडला, तरी खेळ मागच्या मुक्कामावर न्यायचा आणि तिथून पुन्हा लढायचं. आणि पडायचा नेमका हरिबा. अंगाने किरकोळ, बाण निम्मे वाया, राक्षसाची पहिली झडप त्याच्यावर. त्याच्यापायी एक गुहा त्यांनी अकरा वेळा लढली. राजरत्न कपाळाला हात लावायचा, आणि ज्योतिबा शांतपणे म्हणायचा, “पळतोय व्हय डोंगर? घे पुन्यांदा.”

असं करत करत अकरा महिने गेले. अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चात राजरत्नला पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं. बुधवारी हजर व्हायचं, मध्ये दोनच रविवार. नोकरीच्या आनंदातही त्याच्या मनाला एकच घोर लागला, की खेळ अर्धा राहणार. हवालदारांनी शेवट बघावा असं त्याला फार वाटत होतं, आणि खोटं कशाला बोला, स्वतःलाही बघायचा होता.

तेव्हा तो सांगलीला गेला. तिथे नवंच सायबर कॅफे निघालं होतं. मित्राने पत्ता दिला होता. कुठल्याशा परदेशातल्या कुणा हौशी माणसाने या खेळाचा अख्खा वाटाड्या लिहून इंटरनेटवर ठेवला होता. कुठे वळायचं, कोणत्या कोड्याला काय उत्तर, कुठला राक्षस कशाने मरतो, सगळं. छत्तीस कागद निघाले. परतीच्या एसटीत त्याने ते वाचून काढले. ज्योतिबाने तीन महिने खपून काढलेला चक्रव्यूह तिथे आठ ओळींत होता. राजरत्नला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण कागद त्याने काही फेकून दिले नाहीत.

पहिल्या रविवारी त्याने ते टेबलाच्या खणात ठेवले आणि ज्योतिबाची नजर चुकवून बघत राहिला. विचार केल्याचं सोंग करायचा, मग बरोबर तेच दार उघडायचा. ज्योतिबाची पेन्सिल मागे पडायला लागली.

“आज लय नेमका चालायलास गड्या.”

“अंदाज आला आता.”

पाच वाजायच्या आत ज्योतिबाने पेन्सिल खिशात घातली आणि तो नुसता बघत बसला. राजरत्नच्या ते लक्षात आलं होतं. पण मजले भराभर मागे पडत होते, आणि त्या धुंदीत त्याने तिकडे काणाडोळा केला.

गुरुवारी दुपारी, दोन बॅचच्या मध्ये तासभर मोकळा होता. ज्योतिबा बँकेत गेला होता. नुसतं बघून ठेवू म्हणून राजरत्न बसला आणि दोरांच्या पुलापाशी आला. पूल तिघांचाच भार पेलतो, असं वाटाड्या सांगत होता. चौघांना न्यायचं तर खालून लांबची वाट होती, तिचे तीन कागद होते. नाहीतर तिरंदाजाला अलीकडे सोडा, पुढे त्याचा उपयोग नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. राजरत्नने तिघांना पार नेलं. पलीकडे मुक्काम लागला, तिथे त्याने खेळ साठवला. या खेळात साठवण एकच राहायची, नवी आली की जुनी पुसली. अलीकडच्या काठावर हरिबा धनुष्य घेऊन उभा होता. मग पडदा काळा झाला.

शेवटच्या रविवारी ज्योतिबा उकडलेल्या शेंगा घेऊन आला. चष्मा लावला, खुर्ची ओढली, आणि शेंग फोडता फोडता थांबला.

“हरिबा कुठं हाय?”

राजरत्नने पूल सांगितला, भार सांगितला. तरी ज्योतिबा बघतच राहिला, तेव्हा त्याने खणातून ते कागद काढून पुढे ठेवले. ज्योतिबा चिडला नाही. एकेक पान उलटत राहिला.

“ह्ये समदं आदीच लिवल्यालं हुतं?”

“हो.”

“मग आपुन वरीसभर काय करत हुतो रं?”

राजरत्नला तोंडात मारल्यासारखं झालं.

“दुसरी वाट न्हवती?”

“होती, लांबची. वेळ नव्हता.”

“कुणाला?”

यावर राजरत्न म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू, मी सुट्टीला येत जाईन. ज्योतिबाने मान हलवली. मग कागद त्याच्यासमोर सरकवून म्हणाला, “पुलावर ऱ्हायल्याल्या गड्याचं पुढं काय हुतं, ते लिवलंय का? वाच बरं.”

राजरत्नने ती ओळ काढली. ‘पुढे त्याचा उपयोग नाही,’ एवढंच तिथे होतं. वर्षभर तो याच माणसाला इंग्रजीचं मराठी करून सांगत आला होता. त्याने अजिबात न अडखळता वाचलं, “तो माघारी फिरतो, डोंगर चढून वर येतो आणि आपल्या गावी सुखरूप पोचतो.”

ज्योतिबाने कागद जवळ ओढला. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, तो एकेक शब्द लावत गेला. फौजेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला इंग्रजी लागत नाही, हे राजरत्नला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. शिपाई आहे म्हणून तोच तसं धरून चालला होता.

“हरिबा आन मी एकाच दिवशी साताऱ्याला भरती झालो,” ज्योतिबा म्हणाला. “त्याची आई बनाबाई मला म्हणाली हुती, जोडीनं जाताय, जोडीनं या. सासष्ट साली मी सुट्टीवर घरी हुतो, तवा पलटणीचा इंग्रजी कागद आला. गावात दुसऱ्या कुणाला वाचता येत न्हवता. दरड अंगावर येऊन हरिबा गेला, असं लिवलं हुतं. म्हातारी माज्या तोंडाकडं बघत हुती. म्या वाचून दावलं, घावत न्हाई, हुडकायला लागल्यात.”

“मग?”

“मग काय. नऊ वर्सं रोज त्याच्या वाटणीची भाकरी थापत हुती. दर सुट्टीला ठरवून जायचो, आज खरं सांगायचं. तोंडच उघडायचं न्हाई. तशीच वाट बघत मेली.” त्याने कागद परत दिला. “तू वाईट मनानं वाचलं न्हाईस. म्या बी वाचलं न्हवतं.”

मंगळवारी राजरत्नची बॅग उचलायला ज्योतिबा स्टँडवर आला. ‘चुकलं माझं’ म्हणायचं राजरत्नच्या अगदी ओठांवर होतं. गाडी सुटेपर्यंत ते आलं नाही, आणि तो भलतंच बोलून गेला, “पत्र टाकतो, हवालदार.”

“टाक. पर खरं असंल त्येच लिव.”

पुण्यात पहिल्याच आठवड्यात तो पत्र लिहायला बसला. लिहिलं तेही खरंच लिहिलं. लांबची वाट चार तासांची होती, वाटाड्याने वेळ दिलेली होती आणि मी ती वाचली होती. तो शेवटचा रविवार पुरला असता. मला हरिबाचा कंटाळा आला होता. पत्त्यावर ज्योतिबाचं नाव घातलं, तिकीटही लावलं. टपालपेटी रोजच्या वाटेवर होती आणि तिकडे ज्योतिबा पत्राची वाट बघत असणार, हे त्याला रोज कळत होतं. ते पत्र त्याने टाकलं नाही.