इंदूअक्कांचं सिमेंट

इंदूअक्का कोणाशीही पहिल्यांदा बोलण्याआधी त्या माणसाभोवती एक फेरी मारत. धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी शिक्षकखोलीत सगळ्यांशी ओळख करून दिली. हातांवर सिमेंटचे पांढुरके डाग असलेल्या एक उंच, सावळ्या बाई उठल्या, माझ्या बाजूने मागे गेल्या आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा समोर आल्या. मग म्हणाल्या, "मांगून तू येगळीच दिसस, बाई." बाकीच्या हसल्या, त्यांना सवय होती. मी मात्र घरी जाऊनही कितीतरी वेळ पाठ चाचपत होते.

अक्का शिवण आणि हस्तकला शिकवत. शिंदखेड्याजवळच्या खेड्यात शेतकरी घरात वाढलेल्या. नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेला. कलेचं शिक्षण शून्य. शाळेची नवी इमारत होत होती तेव्हा गवंड्यांशेजारी उभं राहून त्या सळई वाकवायला, जाळी बांधायला आणि थापीनं माल चढवायला शिकल्या होत्या. शाळेमागे मोडके बाक ठेवायची पत्र्याची शेड होती. शाळा सुटली की अक्का तिथे जात आणि अंधार पडेपर्यंत सिमेंटमध्ये काहीतरी घडवत. काहीतरी असंच म्हणावं लागतं, कारण त्या आकारांत ना माणूस होता, ना जनावर, ना झाड. कोणी "अक्का, हे काय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मालेबी ठाऊक नही. हात लाव आनि तूच सांग."

माझं सगळं रीतसर होतं. मी मुंबईला राहून शिल्पकलेची पदविका घेतली होती. शाळेच्या संस्थापकांचा अर्धपुतळा मी केला, आणि तो बघून त्यांच्या सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे जळगावपर्यंतची कामं येऊ लागली. माझ्या पुतळ्यासमोर आलेला माणूस लगेच ओळखायचा, "अगदी हुबेहूब" म्हणायचा आणि पुढे निघून जायचा. शेडजवळ गेलेली माणसं मात्र लवकर परतत नसत. शाळेचा शिपाई, पालक, एकदा तर पाण्याची टाकी दुरुस्त करायला आलेला प्लंबर, सगळे त्या सिमेंटभोवती घुटमळत राहायचे. माझ्या चित्रकलेच्या वर्गाची खिडकी नेमकी शेडवर उघडायची. वह्या तपासायच्या निमित्ताने मी शाळा सुटल्यावरही थांबायची आणि अकरा वर्षं त्या खिडकीतून बघत राहिले. बघायचं नाही असं ठरवूनही बघत राहिले.

एका उन्हाळ्यात अक्कांनी शेडसमोर उघड्यावर पुरुषभर उंचीचं एक काम सुरू केलं. वरचा भाग जडशीळ, एका बाजूला कललेला, आणि खाली जेमतेम वीतभर रुंदीचा निमुळता पाय. ते सारखं पडायचं. अक्का फोडून टाकायच्या, सळया बदलायच्या, पुन्हा उभं करायच्या. आठ महिने हे चाललं. एक दिवस मी न राहवून खाली गेले आणि म्हटलं, "अक्का, रुंद भाग खाली घ्या की, आपोआप उभं राहील." त्यांनी थापी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आपोआप उभं ऱ्हायनं, मंग मी काय करं?"

शेवटी ते उभं राहिलं. पायातून चार सळया काढून जमिनीत पुरल्या होत्या. एवढा बोजा एवढ्याशा पायावर तोललेला बघताना आपलेच पाय ताठ व्हायचे. मी खिडकीत उभी होते, आणि मला जे वाटलं त्याला हेवा हाच शब्द आहे. मला सगळं येत होतं. नाक, ओठ, पागोट्याच्या घड्या, सगळं. हे येत नव्हतं.

त्याच वर्षी माझे मुंबईचे सर माझा पुतळा बघायला धुळ्याला आले. मोठ्या प्रदर्शनांसाठी शिल्पं निवडण्याच्या समितीवर ते होते. पुतळा बघून त्यांनी मान डोलावली, छान म्हणाले. जाताना शेडकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते थबकले. हे कोणी केलंय, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "काही नाही सर. बांधकामाचं उरलेलं सिमेंट आहे, गवंड्यानं थापून ठेवलंय."

सरांनी आणखी एकदा वळून बघितलं आणि ते निघाले. त्यांना रिक्षात बसवून मी परत आले तेव्हा अक्का शेडच्या दारात उभ्या होत्या. सगळा वेळ त्या तिथेच होत्या. त्या आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माले गवंडी म्हनं ते ठीक शे, बाई. पन त्याले उरेल सिमिट म्हनाले नको व्हतं."

मी माफी मागितली नाही. उद्या मागू म्हणता म्हणता वर्षं गेली. अक्कांनी तो विषय पुन्हा काढला नाही, माझ्याशी वागणंही बदललं नाही, आणि त्याचाही मला रागच यायचा. त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचा पुतण्या दिलीप ट्रॅक्टर घेऊन आला. सगळी कामं ट्रॉलीत भरून गावी गेली. मी खिडकीतून बघितलं, खाली गेले नाही. नंतर मीही निवृत्त होऊन जळगावला पिंप्राळ्यात मुलाकडे राहायला आले. चार वर्षांपूर्वी अक्का गेल्याचं कळलं, ते तेराव्यानंतर.

या वर्षी एका जुन्या विद्यार्थिनीनं मोबाइलवर निमंत्रण पाठवलं. जळगावच्या एका कलादालनात अक्कांच्या शिल्पांचं प्रदर्शन भरत होतं. मृणाल नावाच्या एका तरुण अभ्यासक मुलीनं दिलीपच्या मळ्यात ती शिल्पं शोधून काढली होती. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीतली अमूर्त शिल्पं घडवणारी बाई, ती आपल्या खानदेशातली, आणि कोणाला पत्ता नाही, असं त्यात लिहिलं होतं. पत्ता नसलेल्यांत मला धरलं होतं याचं बरंही वाटलं आणि वाईटही. पहिल्या दिवशी गेले नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा केली.

पांढऱ्या भिंती, वरून दिव्यांचा झोत, एकेक काम स्वतंत्र चौथऱ्यावर. माझ्या एकाही पुतळ्याच्या नशिबी असा उजेड आला नाही. मधोमध ते आठ महिन्यांचं काम होतं, आणि ते उलटं होतं. रुंद भाग खाली, निमुळता पाय वर. मळ्यात ते वर्षानुवर्षं तसंच पडलेलं असणार, आणि तसंच उचलून इथे ठेवलेलं. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, 'सातपुड्याच्या डोंगरासारखी शांत, भक्कम बैठक.'

मी ती पाटी दोनदा वाचली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. शिकलीसवरलेली माणसं उलट्या सिमेंटसमोर माना डोलावत होती, आणि ते चुकलंय हे जगात फक्त मला माहीत होतं. मी समोरच्या बाकावर बसून ते सुख अर्धा तास चाखलं. काही न बोलता घरी जाऊन चहा घ्यायचा, असंही ठरवलं.

तेवढ्यात एक बाई लहान मुलीला घेऊन आली. मुलीनं विचारलं, हे काय आहे? आईनं पाटी वाचून सांगितलं, डोंगर आहे. मुलगी "हो, डोंगर" म्हणाली आणि दोघी पुढे निघून गेल्या. त्यांच्यामागून आलेलेही तसेच गेले. ओळखायचं आणि पुढे जायचं. पाटीनं अक्कांचं काम माझ्या पुतळ्यांसारखं करून टाकलं होतं. ते मला बघवेना.

मी मृणालला गाठलं आणि सांगितलं की मधलं शिल्प उलटं आहे. ती नम्रपणे म्हणाली, फोटो वगैरे काही आहे का तुमच्याकडे? फोटो नव्हता. मी म्हटलं, वरच्या टोकाला चार कापलेल्या सळया असतील, बघा. शिडी आणली. खुणा होत्या. दिलीप तिथेच होता. तो ओशाळून म्हणाला, "त्या मीच काप्यात. बैलले लागेत."

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला, नव्या सळया जोडल्या, साखळीनं उचलून शिल्प फिरवलं. अर्धा दिवस गेला. साखळी सोडली तेव्हा दालनातला प्रत्येक जण नकळत एक पाऊल मागे सरला. ते उभं राहिलं. आणि इतक्या वर्षांनी, सत्तरीला टेकलेल्या मला तोच हेवा पुन्हा वाटला, रतीभरही कमी नाही.

मृणालनं विचारलं की तुम्हाला हे इतकं नेमकं कसं आठवतं. मैत्रीण होते असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "मला त्यांचा हेवा वाटायचा." मग सर आले होते ती गोष्टही सांगितली, माझ्या वाक्यासकट. मग तिनं दोन खुर्च्या ओढल्या, वही उघडली आणि बाकीच्या कामांबद्दल विचारायला लागली.

आम्ही एकेका शिल्पासमोर बसत गेलो. हे कोणत्या पावसाळ्यात झालं, हे किती वेळा फोडलं, यात गोणपाट का घातलं, याची पुढची बाजू कोणती. एकेचाळीस कामं होती. एकावरही मला अडायला झालं नाही. दालन बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मृणालनं वही मिटली आणि सहज विचारलं की बाई, तुमचीही कामं बघायला आवडतील, कधीची आहेत? मी आठवू लागले. पहिला पुतळा कुठल्या वर्षी केला, त्यानंतरचा कुठला, कोणाचा. ती पेन धरून थांबली होती. मला आठवत होतं ते एवढंच, की त्या त्या वर्षी खाली शेडजवळ काय उभं राहत होतं.