बावीस वर्षं न विचारलेला साक्षीदार

आमच्या तांड्याचे नायक धावजी राठोड यांना सगळ्यात नाक खुपसायची खोड. बोअरवेलची गाडी आली, तरी हे ड्रायव्हरला विचारणार, खाली किती थर लागले म्हणून. त्यामुळे त्यांची नात सुरभी आर्णीच्या अभ्यासिकेतून इंग्रजी शब्दांची झेरॉक्स घेऊन आली आणि रोज सकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं पाठ करू लागली, तेव्हा नायक गप्प बसणं शक्यच नव्हतं. परीक्षा कोर्टातल्या लिपिकाची होती. शब्द सगळे गुन्ह्याचे नि शिक्षेचे, आणि ऐकणारा चाळीस वर्षं तांड्याची भांडणं मिटवलेला.

“थेफ्ट म्हंजे चोरी. रॉबरी म्हंजे धाक दाखवून हिसकावणं. बर्गलरी म्हंजे घर फोडणं,” सुरभी घोकत होती.

“अन् दुसऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावरची बोरं खाल्ली तं?”

“तेबी थेफ्टच, आबा.”

“मंग तं सारा तांडाच आत जाते!”

मी समोरच राहतो, त्यामुळे हा क्लास मला फुकटात. फाइन म्हणजे दंड, हे कळल्यावर नायकांनी विचारलं, “मंग तो खाते कोण?” दंड सरकारच्या तिजोरीत जातो हे ऐकून ते खरोखर चकित झाले. आमच्याकडे दंड म्हणजे गुन्हेगारानं तांड्याला गोड जेवण घालायचं आणि सगळ्यांसोबत पंगतीत बसून घास घ्यायचा. जेवला की मिटलं. पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही.

पाचव्या दिवशी ‘ॲलिबाय’ हा शब्द आला. सुरभीनं अर्थ सांगितला, “गुन्हा झाला तवा मी तिथं नव्हतोच, दुसरीकडं होतो, असं साक्षीदार आणून दाखवणं.”

नायकांनी चहाची बशी खाली ठेवली. “अन् दाखवलं तं?”

“तं माणूस सुटते.”

“साक्षीदार कुठलाबी चालते? बाहेरचा? परक्या जातीचा?”

“कोर्टात जात नाही पाहत, आबा.”

चहा अर्धाच टाकून ते ओट्यावरून उठले. मला कारण माहीत होतं.

बावीस वर्षांपूर्वी सोनीबाईचा बोकड चोरीला गेला आणि संशय रुक्माबाईच्या पोरावर, रामसिंगवर आला. नसाबापुढं, म्हणजे तांड्याच्या न्यायाच्या बैठकीपुढं उभं राहून तो सांगत होता, की मी त्या दिवशी फवारणीचा पंप दुरुस्त करायला आर्णीला गेलतो, पलीकडच्या वस्तीतला धम्मरत्न दिवसभर सोबत होता, त्याला विचारा. पण तांड्याच्या भांडणात तांड्याबाहेरची साक्ष चालत नाही, हा आमचा बापजाद्यांचा नियम. नायकांनी दंड ठरवला. रामसिंगनं सगळ्यांना शिरा खाऊ घातला, स्वतः घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन तो आर्णीला गेला आणि तिथंच पंक्चरचं दुकान टाकलं. त्या पंगतीत मी शिरा दोनदा मागून घेतला होता. आज त्याची लाज वाटते.

दोन दिवसांनी नायक माझ्या गाडीवर मागे बसले आणि म्हणाले, “धम्मरत्नकडं चाल.”

“होय, सोबतच होतो दिवसभर,” धम्मरत्न म्हणाला. “म्या तं वाट पाहिली तुमची. दोन दिवस वावरात गेलो नाही, कोणी बलावते म्हणून.”

त्यानं पाणी दिलं. नायक ते प्यायले आणि म्हणाले, “आता येशील का बैठकीले?”

नायक स्वतःवरच नसाब बसवणार, हे कळताच म्हातारी मंडळी त्यांच्या घरी येऊन बसली. आपणच चूक कबूल केली, तर उद्या आपला निवाडा कोण मानेल, असा त्यांचा सवाल. सुरभीही घाबरली. “आबा, तुमचं नायकपण जाईन.”

“जाऊ दे,” नायक म्हणाले. “तूच तं शिकवलं.”

सुरभीचा पेपर त्याच आठवड्यात झाला. ॲलिबाय त्यात आलाच नाही म्हणून ती चांगलीच चिडली होती.

रविवारी निंबाखाली सगळा तांडा जमला. रामसिंग आर्णीहून आला, पण खाली बसला नाही. हेल्मेट हातात धरून कडेला उभा राहिला. नायक आरोपीच्या जागेवर गेले आणि डोक्यावरची पगडी काढून मातीत ठेवली. धम्मरत्ननं सगळ्यांसमोर साक्ष दिली. मग रिवाजाप्रमाणे, ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच विचारलं गेलं, दंड काय?

“दंड नको,” रामसिंग म्हणाला. “माही याडी, माही माय, मरेपर्यंत या निंबाखालून मान खाली घालून जात होती. तिच्या घराकडं तोंड करून सांगा, मी त्या दिवशी कुठं होतो.”

रुक्माबाईच्या घराला सहा वर्षांपासून कुलूप आहे. नायक तिकडं वळले आणि ओरडून म्हणाले, “रुक्माबाई, तुहा पोरगा आर्णीले होता! चोर नव्हता!” आवाज मधेच फाटला, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

रामसिंगनं नको म्हटलं, तरी नायकांनी आपल्या खर्चानं शिरा करायला लावलाच. पंगत बसली. पहिला घास रामसिंगनं घेतला. मी त्या दिवशी वाढायला होतो.