बिलियर्डच्या खिडकीतली बाई

अमरावतीच्या आमच्या क्लबात बिलियर्डच्या खोलीत बायकांना प्रवेश नव्हता. अकोल्याचे खेळाडू सामन्याला आले की त्यांच्या बायकाही येत, आणि आम्ही सगळ्या मागच्या व्हरांड्यात चहा पीत बसायचो. खोलीला तिकडून एकच खिडकी होती, तीही इतकी अरुंद की एका वेळी एकीलाच आतलं दिसे. तिनं बाकीच्यांना सांगायचं. माझ्या लग्नानंतरची काही वर्षं, म्हणजे पन्नासनंतरच्या त्या काळात, ते काम माझ्याकडे होतं.

मला खेळ कळायचा. जेवणाच्या टेबलावर तीन संत्री मांडून ह्यांनीच मला तो शिकवला होता. हे वकिली करत आणि कोर्ट सुटलं की थेट क्लबात जात. खेळ शिकले नसते तर ह्यांच्याशी बोलायला मला विषयच उरला नसता. खिडकीतून मी सगळं बरोबर सांगायची. "लाल चेंडू खिशात गेला, तीन. आता कॅनन, म्हणजे ह्यांचा चेंडू दोन्ही चेंडूंना लागला, दोन." बायका "हो का" म्हणत आणि पुन्हा विणायला लागत. मला वाटे, खेळच तसा आहे, त्याला कोण काय करणार.

मग एक इंजिनियर बदलून आले. त्यांची बायको मुलींच्या शाळेत शिकवायची. माहेर हिवरखेडचं. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरची ती पहिलीच वर्षं होती, तिच्या माहेरच्यांनीही ती घेतली होती, आणि पहिल्या दिवशी तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्या दिवशी नेमका माझा घसा बसला होता. मामलेदारांची बायको तिला म्हणाली, "बाई, तुम्हाला वर्गात बोलायची सवय. तुम्ही सांगा आज."

"मले खेळ नाई येत," ती म्हणाली. "जे दिसते ते सांगू?"

ती खिडकीशी गेली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. "एक उंच साहेब आहेत. टेबलाभोवती फिरून राहिले. लाल चेंडू कोपऱ्यात जाऊन बसला, अभ्यास न करता आलेल्या पोरीवानी. साहेबाची नजर चुकवून राहिला." कोणीतरी हसलं. "वाकले. आता बोलू नका कोणी."

आणि ती स्वतःही गप्प झाली. सगळा व्हरांडा गप्प झाला. आतून चेंडूवर चेंडू आपटल्याचा टक् असा आवाज आला. तो इतकी वर्षं येतच असणार, पण नेमकी त्या वेळी मी बोलत असायची. "गेला," ती हळूच म्हणाली, तेव्हा बायकांनी श्वास सोडला.

माझा घसा बरा झाला. पण पुढच्या सामन्याला मला खिडकीशी जा असं कोणी म्हणालं नाही. चहाच्या वेळी तिच्या शेजारी बसायला आता चढाओढ होती. ती सांगत असताना मी मागून चुका दुरुस्त करायची. "त्याला कॅनन म्हणतात. दोन मिळतात." ती मागं वळून म्हणे, "हो ना, तुमाले बरोबर ठाऊक असते," आणि माझा आकडा सगळ्यांना सांगून टाकी. तिनं उलट उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या वर्षातला ह्यांचा शेवटचा सामना अकोल्याच्या क्लबात होता. तिथं खिडकीऐवजी दाराला बांबूच्या काड्यांचा चिक होता. ती चिकाशी उभी राहिली, मी तिच्या मागच्या खुर्चीवर.

"आता आपले वकीलसाहेब," ती म्हणाली. "काठीले खडू घासून राहिले. घासूनच राहिले. भेले वाटते." मग वळून मला विचारलं, "सांगू ना?"

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी मान हलवली.

"डावा खांदा वर गेला. मनात नसलेला फटका मारायचा असला की त्यायचा खांदा वर जाते, मांगंही पाह्यलं मी. नाई, उठले. दुसऱ्या बाजूनं आले. आता खांदा खाली आहे. आता जाते पाहा."

टक्. चेंडू खिशात गेला, आणि हे जिंकले. बायकांनी माझं अभिनंदन केलं. मी हसले. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचा डावा खांदा मला कधी दिसला नव्हता. तिला तो दोन-तीन सामन्यांत दिसला होता, तोही चिकाआडून.

परतीच्या गाडीत हे खुशीत होते. बडनेरा जवळ आल्यावर म्हणाले, "चिकामागून कोण बोलत होतं गं? फटक्याच्या वेळी अगदी बरोबर थांबायची."

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले.

"आवाज छान होता," हे म्हणाले. मी बाहेर पाहत राहिले. हे पुढं काही बोलले असते तर मला रडू आलं असतं.

पुढच्या वर्षी इंजिनियरांची बदली चांद्याला झाली आणि ती गेली. सामन्याच्या दिवशी बायकांनी मला पुन्हा खिडकीशी बोलावलं. या वेळी आकडे सांगायचे नाहीत, माणसं पाहायची, असं मी ठरवून आले होते.

"ते उंच साहेब घाबरलेले दिसतात," मी म्हणाले.

"कशावरून?" मामलेदारांच्या बायकोनं विचारलं.

मी पाहिलं. साहेब काठी घेऊन उभे होते, जसे रोज असत. "दिसतात तसे," मी म्हणाले.

फटक्याच्या वेळी मीही गप्प राहिले. पण गप्प राहिले ती मी एकटीच. मागं एकीच्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांचा विषय निघाला होता, आणि तो ऐकायला सगळ्यांनी खुर्च्या तिकडे ओढल्या होत्या. खिडकी आता माझीच होती. तरी त्या संध्याकाळी मला राग आला तो तिचाच, निघून गेल्याबद्दल.